दडवलेल्या वह्या : स्वतःचे दुःख सांगण्याचा महाराष्ट्रातील इतिहास (थ्रेड)

१/
फलटणमधील एक लहानसे किराणा दुकान. गल्ल्यावर एक स्त्री बसलेली आहे. गिऱ्हाईक पाठमोरे झाले की ती वही उघडते, चार ओळी लिहिते आणि घरातल्या कुणाची चाहूल लागताच ती वही जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली सरकवते. तिचे शिक्षण चौथीपर्यंतचे. ती काही लिहिते आहे हे नवऱ्याला ठाऊक नाही, मुलालाही नाही. हा लपंडाव सुमारे २० वर्षे चालला. या स्त्रीचे नाव बेबीताई कांबळे. त्या वह्यांतून पुढे ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले. मराठीतील दलित स्त्रियांच्या आरंभीच्या आत्मकथनांत त्याची गणना होते.

२/
दुःख बोलून दाखवले की मन हलके होते, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. मग ज्या स्त्रीला आपले आणि आपल्या माणसांचे दुःख सांगायचे होते, तिने ते २० वर्षे दडवून का ठेवले? आणि अखेर ते सांगितले गेले, तेव्हा कुणाचे काय हलके झाले? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी बरेच मागे जावे लागते. महाराष्ट्रात स्वतःचे हाल स्वतःच्या तोंडाने सांगण्याला दीर्घ इतिहास आहे. त्या इतिहासात सांगणाऱ्याइतकेच महत्त्व ऐकणाऱ्यालाही आहे.

३/
छापखाना येण्याच्या कितीतरी आधी बाईचे दुःख ऐकायला एक हक्काची जागा होती : जाते. पहाटेच्या अंधारात दळण दळताना स्त्रिया ओव्या गात. सासुरवास, माहेरची ओढ, न आलेला भाऊ, गेलेले मूल, सारे त्या ओव्यांत येई. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढ्या मोठ्या संग्रहावरून एक गोष्ट उघड होते. ग्रामीण स्त्री मुकी नव्हती. ती रोज बोलत होती.

४/
पण त्या बोलण्याला एक मर्यादा होती. ओवी ऐकत असे ते जाते, आणि फार तर जोडीला दळायला बसलेली जाऊ किंवा शेजारीण. ऐकणारीचे दुःखही बहुधा तेच. त्यामुळे धीर मिळे, सोबत मिळे, पण व्यवस्था हलत नसे. ज्यांच्यामुळे ते दुःख वाट्याला आले, त्यांच्या कानांपर्यंत ओवी क्वचितच पोहोचे. दळण संपले की ओवीही थांबे. दुःखाला उंबऱ्याबाहेर नेणारे साधन १९व्या शतकात मिळाले. ते होते छापील कागद.

५/
इ. स. १८५५. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या १४ वर्षांच्या मातंग मुलीने एक निबंध लिहिला. विषय होता मांग-महारांचे दुःख. ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने तो १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापला. ‘ज्ञानोदय’ अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४२ साली सुरू केले होते. पेशवाई संपून तेव्हा अवघी ३७ वर्षे झाली होती. ज्यांनी ती राजवट अनुभवली, अशी माणसे पुण्याच्या गल्ल्यांतून अजून वावरत होती.

६/
मुक्ताने काय लिहिले? वेद वाचण्याचा अधिकार आम्हाला नाही, तर मग आमचा धर्म तरी कोणता, असा प्रश्न तिने थेट देवालाच विचारला. बाजीरावाच्या काळात तालमीसमोरून जाणाऱ्या मांग-महारांचा शिरच्छेद करून गुलटेकडीच्या मैदानावर त्यांच्या शिरांचा चेंडूसारखा खेळ होत असे, ही तिच्या समाजाने जपलेली आठवण तिने कागदावर आणली. इमारतीच्या पायात जिवंत गाडल्या गेलेल्या माणसांविषयी तिने लिहिले. अंगावर छप्पर नसताना, थंडी-पावसात बाळंत होणाऱ्या तिच्या समाजातील बायकांच्या वेदनाही तिने मांडल्या.

७/
बाळंतपणाचा हा उल्लेख फार महत्त्वाचा आहे. राजवटींच्या तवारिखांत आणि बखरींत अशा बाळंतिणीला जागा नव्हती. ती जागा एका शाळकरी मुलीने मिळवून दिली. निबंधाच्या अखेरीस ती आपल्याच लोकांकडे वळते. तुम्ही दरिद्री आहात, आजारी आहात आणि ज्ञान हेच तुमचे औषध आहे, या अर्थाचे तिचे सांगणे आहे. म्हणजे १८५५ सालच्या या लेखनात दोन श्रोते आहेत. एकाला जाब विचारला जातो, तर दुसऱ्याला उपचार सुचवला जातो. पुढच्या दीडशे वर्षांतील आत्मकथनांचा आराखडा इथेच दिसू लागतो.

८/
या वाटेवरची पुढची खूण मुंबईत सापडते. ११व्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याच्या घरी नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ साली नवरा दादाजी भिकाजी यांनी न्यायालयात दावा लावला. १८८५मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविषयी पत्रे प्रसिद्ध झाली. ती रखमाबाईंची होती. शिकण्याची आवड आणि लग्नामुळे तुटलेली शाळा हा त्यांचा स्वतःचा अनुभव त्या पत्रांत उतरला होता. दुःख खरे होते, पण सहीच्या जागी नाव नव्हते.

९/
१८८७ साली न्यायालयाने निकाल दिला : नवऱ्याकडे जा, नाहीतर ६ महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८मध्ये २,००० रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी वर्षानुवर्षे स्त्रियांवर उपचार केले. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यामागे जी चर्चा पेटली, तिला या खटल्याने मोठे इंधन पुरवले. एका मुलीची तुटलेली शाळा आता तिच्या एकटीची उरली नव्हती. साऱ्या देशाला तिच्याविषयी बाजू घ्यावी लागली.

१०/
पंडिता रमाबाईंची कहाणी भुकेची आहे. १८७०च्या दशकातील दुष्काळात त्यांनी आई-वडील आणि बहीण गमावली. पाणी पिऊन आणि झाडांची पाने खाऊन काढलेल्या दिवसांविषयी त्यांनी पुढे स्वतः लिहिले. १८९६–९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई तेथे गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन परतल्या. केडगावचे ‘मुक्ती’ त्यातून वाढले. दुष्काळातील मुलीला काय सोसावे लागते, हे त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. स्वतःची उपासमार त्यांनी शब्दांत मांडली, ती वाचणाऱ्यांनी मदत पाठवावी म्हणून.

११/
न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांचा सूर वेगळा, अतिशय संयत. १९१० साली त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पतीच्या प्रोत्साहनाने शिकू लागलेल्या या सुनेला घरातल्याच स्त्रियांनी कसे टोचून बोलावे, कसे एकटे पाडावे, हे त्यात येते. पुस्तक पतीच्या आठवणींचे आहे. स्वतःच्या वेदना त्या आठवणींच्या आडोशाने, बेताबेताने येतात. पण १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले, तेव्हा शिकू पाहणाऱ्या विधवांना आणि परित्यक्तांना तिथे टोमणे ऐकावे लागले नाहीत. जे पुस्तकात अर्धेच सांगितले गेले, ते संस्थेच्या रूपाने पूर्ण झाले.

१२/
इथवरचा हिशेब मांडला तर दुःख सांगण्याची किंमत ठळक दिसते. मुक्तामागे शाळा होती. रखमाबाईंना टोपणनाव घ्यावे लागले. पंडिता रमाबाईंचे बरेचसे वाचक परदेशात होते. रमाबाई रानडे यांना पतीच्या आठवणींचा आधार लागला. ‘मी सोसले’ एवढे साधे वाक्य उच्चारण्यासाठी प्रत्येकीला कसले ना कसले छत्र हवे होते. २०व्या शतकाच्या उत्तरार्धात दलित आत्मकथने आली, ती बरीचशी असे छत्र नसताना आली.

१३/
१९७८ साली ग्रंथालीने दया पवार यांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध केले आणि मराठी वाङ्मयाचे चित्र पालटले. या पुस्तकाची मांडणी लक्षात घेण्यासारखी आहे. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि शिकून पांढरपेशा जगात गेलेले दया पवार ती ऐकतात. दोघे एकच. गावकुसाबाहेरचा पोर आणि सुशिक्षित प्रौढ यांच्यातील अंतर इतके वाढले होते की, एकाच माणसाला स्वतःचाच श्रोता व्हावे लागले. दुःख सांगण्यासाठी आधी स्वतःला ते ऐकण्याची हिंमत लागते, हे या रचनेतून उमगते.

१४/
‘बलुतं’चे स्वागत झाले, तसा रागही झाला. पांढरपेशा वाचक हादरला. दलित समाजातील काही सुशिक्षितांना वाटले की, झाकली मूठ उगाच उघडली. मागचा उकिरडा पुन्हा उकरायचा कशाला? नव्या वस्तीत, नव्या नावाने, मान ताठ ठेवून जगू पाहणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडणे स्वाभाविक होते. दुःख सांगणारा एकटा नसतो. त्याच्या सांगण्यात आई, बहीण, शेजारी असे सारेच उघडे पडतात. त्यांची संमती कुणी घ्यायची? आत्मकथनाच्या इतिहासातील हा अवघड प्रश्न आजही सुटलेला नाही.

१५/
आता पुन्हा बेबीताईंकडे. त्यांचा जन्म १९२९ साली पुरंदर तालुक्यातील वीरगाव या आजोळी झाला. बालपण तिथल्याच महारवाड्यात गेले. वडील ठेकेदारीची कामे करत. हात सढळ होता, पण पत्नीला मात्र त्यांनी घराबाहेर पडू दिले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जेजुरीत केलेल्या भाषणाचे पडसाद त्यांच्या वस्तीत उमटले. मुलांना शाळेत घाला, मेलेल्या जनावराचे मांस सोडा, हा त्या भाषणाचा गाभा बेबीताईंनी पुस्तकात नोंदवला आहे. फलटणच्या शाळेत त्या आणि त्यांच्या मैत्रिणी वेगळ्या बसवल्या गेल्या. त्या मुली गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. सवर्ण मुलींशी त्यांची भांडणे होत.

१६/
वयाच्या १३व्या वर्षी बेबीताईंचे लग्न झाले. नवऱ्याला नोकरी नव्हती. द्राक्षांच्या किरकोळ विक्रीपासून सुरुवात करून पुढे त्यांनी किराणा दुकान थाटले. माल बांधून द्यायला रद्दी लागे. त्या रद्दीतील वर्तमानपत्रांचे तुकडे बेबीताई वाचत असत. चौथीत थांबलेले वाचन पुडीच्या कागदावर पुन्हा सुरू झाले. मग ग्रंथालयातील पुस्तके आली आणि पाठोपाठ वह्या आल्या. बाईने लिहावे ही कल्पनाच घरात रुचणारी नव्हती. म्हणून मग रद्दीनेच त्या वह्यांना आसरा दिला.

१७/
या वह्या उजेडात आल्या त्या मॅक्सिन बर्नसन यांच्यामुळे. मूळच्या अमेरिकन असलेल्या आणि फलटणला राहून मराठीचा अभ्यास करणाऱ्या या भाषाशास्त्रज्ञ. बेबीताईंचे लेखन त्यांच्या पाहण्यात आले आणि ते छापले जावे म्हणून त्यांनी पुढाकार घेतला. १९८०च्या दशकाच्या आरंभी ‘स्त्री’ मासिकात ते क्रमशः आले आणि १९८६मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. २० वर्षे अंधारात राहिलेल्या लेखनाला उजेडात यायला एक विश्वासाचा श्रोता पुरेसा ठरला. हा श्रोता आधी भेटला असता तर, हा प्रश्न वाचकाच्या मनात रेंगाळत राहतो.

१८/
‘जिणं आमुचं’ वाचताना वाचकाला धक्का बसतो तो त्यातील निर्भयपणामुळे. जातीने केलेला अन्याय त्यात आहेच. पण लेखिका तिथे थांबत नाही. सासूने सुनेचा केलेला छळ ती सांगते. माहेरी पळून गेलेल्या कोवळ्या सुनेच्या पायात घातला जाणारा जड लाकडी खोडा ती दाखवते. बाळंतपणात अन्नावाचून आणि अडाणी उपचारांनी जाणारे जीव ती मोजते. भूक माणसाला काय करायला लावते, अंधश्रद्धा त्याला कशी बांधून ठेवते, हे ती आपल्याच वस्तीविषयी सांगते. मुक्ताने १८५५ साली लिहिलेली ती छपराविना बाळंत होणारी बाई १३१ वर्षांनी पुन्हा पानावर आली होती. तिचे हाल फारसे बदलले नव्हते.

१९/
पुस्तकाच्या नावाकडेही लक्ष द्यावे. ‘जिणं माझं’ असे ते नाव नाही. ‘जिणं आमुचं’ आहे. निवेदनही बहुतेक ठिकाणी ‘आम्ही’ या अंगाने जाते. बेबीताईंच्या दृष्टीने आपले सोसणे हे समाजाच्या सोसण्याचा एक अंश होते. यात मोठे बळ आहे. ‘मी’ म्हणणाऱ्या बाईला लोक सहज दटावतात : तुझेच नशीब फुटके, तूच कुठे चुकलीस. ‘आम्ही’ म्हटले की दोष नशिबाकडून व्यवस्थेकडे सरकतो. वाचणाऱ्या बाईलाही प्रथमच कळते की, आपल्या घरात जे घडते ते केवळ आपल्या घरात घडत नाही.

२०/
पण ‘आम्ही’च्या आत एक ‘मी’ झाकला गेला. २००८ साली माया पंडित यांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्यात बेबीताईंची मुलाखत आहे. नवरा संशयावरून आपल्याला मारहाण करत असे, हे त्यांनी त्या मुलाखतीत सांगितले. मूळ पुस्तकात हे आलेले नाही. कारण विचारल्यावर त्यांच्या उत्तराचा रोख असा होता की, हे काही एकटीचे नव्हते, बहुतेक बायकांच्या वाट्याला तेच होते, आणि समाजाची व्यथा मांडणे त्यांना अधिक निकडीचे वाटले.

२१/
या एका तपशिलात या इतिहासाचे सारे ओझे आहे. वह्या ज्याच्यापासून दडवल्या, त्याच्याविषयीचे सर्वांत कठीण सत्य त्या वह्यांतही लिहिले गेले नाही. दलित स्त्रीने घरातली मारहाण सांगितली, तर बाहेरचे त्याचा वापर साऱ्या समाजाला हिणवण्यासाठी करतील, ही भीती अनाठायी नव्हती. म्हणजे दुःखाचेही थर असतात. काही दुःखे सांगता येतात, कारण ती सांगितल्याने आपली माणसे उभी राहतात. काही दुःखे आपल्याच माणसांमुळे सांगता येत नाहीत. प्रत्येक आत्मकथन वाचताना न लिहिलेल्या पानांचीही आठवण ठेवावी, ती यासाठी.

२२/
योगायोगाची एक नोंद. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आले त्याच १९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटे, आयुष्यातील क्लेशकारक प्रसंगांविषयी लिहायला सांगितले. लिहिताना काही जणांना अधिकच उदास वाटले. पण प्रसंग आणि त्यामागच्या भावना या दोन्हींविषयी ज्यांनी लिहिले, त्यांची दवाखान्याची पायरी पुढील महिन्यांत कमी झाली. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम कधी दिसला, कधी फिका पडला. लिहिणे म्हणजे रामबाण औषध, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

२३/
प्रयोगशाळा आणि फलटणचे दुकान यांत मोठा फरक आहे. प्रयोगातील कागद कुणी ओळखीचे वाचणार नव्हते आणि त्यावर कुणी उठून काही करणार नव्हते. बेबीताईंना मात्र आपल्या लेखनातून काहीतरी घडायला हवे होते. शिकून-सवरून बाबासाहेबांना आणि मागे राहिलेल्या वस्तीला विसरलेल्यांवर त्यांनी पुस्तकात कठोर टीका केली आहे. फलटणजवळ त्यांनी वंचित समाजातील मुलांसाठी आश्रमशाळा चालवली. २०१२ साली त्या गेल्या. लेखन आणि शाळा ही त्यांच्यासाठी दोन वेगळी कामे नव्हती.

२४/
बेबीताई एकट्या नव्हत्या. १९८१मध्ये कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ आले. १९८६ सालीच शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ पुस्तकरूपाने आले. शांताबाई शिक्षिका होत्या. त्यांच्या कहाणीवर ‘नाजुका’ ही मालिका १९९०मध्ये दूरदर्शनवर दाखवली गेली. ज्यांना वाचता येत नव्हते, अशा स्त्रियांपर्यंतही ती कहाणी आता पोहोचू शकली. जात्यावरची ओवी ऐकायला दोघी-तिघी असत. पडद्यासमोर आता घरेच्या घरे बसली.

२५/
१९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. आंबेडकरी चळवळीत उतरलेल्या स्त्रियांना त्यांनी गाठले, प्रश्न विचारले आणि ऐकून घेतले. चळवळीच्या इतिहासात पुढाऱ्यांची भाषणे नोंदली गेली होती. पोरे काखेला मारून सभेला गेलेल्या बायका त्यात जवळजवळ नव्हत्या. कागदपत्रे नसताना आठवण हाच पुरावा, आणि तो मिळतो शांतपणे ऐकल्याने. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे पुस्तक पद्धतीचा धडा म्हणूनही वाचावे.

२६/
इतरांच्या कहाण्या ऐकलेल्या ऊर्मिला पवार यांनी २००३ साली स्वतःची कहाणी लिहिली : ‘आयदान’. कोकणात बांबूपासून विणलेल्या वस्तूंना आयदान म्हणतात. वडील गेल्यावर आई आयदाने विणून घर चालवी. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांचा धागा लेखिकेने वेदनेशी जोडला आहे. या पुस्तकात जात आहे, गरिबी आहे, तरुण मुलाच्या मृत्यूचा शोक आहे. शिवाय पत्नीचे उच्चशिक्षण आणि सार्वजनिक वावर यांनी अस्वस्थ होणारा नवराही आहे. १९८६ साली जे पान कोरे राहिले, ते १७ वर्षांनी दुसऱ्या एका स्त्रीने भरायला घेतले.

२७/
मुक्ता ते ऊर्मिला पवार या सुमारे दीडशे वर्षांत एक क्रम दिसतो. प्रत्येकीने थोडे सांगितले, थोडे राखून ठेवले. जे सांगितले गेले, त्यामुळे पुढचीला भाषा मिळाली आणि ऐकण्याची सवय असलेला समाजही थोडासा मिळाला. राखून ठेवलेले मग पुढची सांगू शकली. दुःख बोलल्याने हलके होते ही म्हण म्हणून अपुरी आहे. बोलणारीचे ओझे कधी हलके झाले, कधी बोलण्यामुळेच वाढले. वाट मात्र दर वेळी मागून येणारीसाठी रुंद झाली.

२८/
म्हणून अशी पुस्तके हळहळून मिटून ठेवण्यासाठी नसतात. हळहळ वाचकाला बरे वाटावे एवढ्यापुरतीच टिकते. मुक्ताने आपल्या निबंधात जाब आणि औषध दोन्ही मांडले होते. वाचकाने दोन्ही घ्यावे. आणि घरात, वस्तीत एखादी वृद्ध स्त्री बोलू लागली, तर तिला मध्ये न तोडता ऐकावे, ती परवानगी देईल तेवढे नोंदवावे, ती नको म्हणेल तिथे थांबावे. फलटणच्या दुकानातील वह्या हाती लागल्या, म्हणून हा इतिहास सांगता आला. किती तरी वह्या गठ्ठ्यातील रद्दीबरोबर पुड्या बांधण्यात गेल्या असतील.

(समाप्त)